‘हाड वाढलंय’ हे टाचदुखीचं निदान नव्हे

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून लंगडत चार पावलं टाकली की ती ओसरते आणि दिवसभर ओट्यापाशी किंवा दुकानात उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एवढं ऐकूनच डॉक्टरांना बहुतेक अंदाज येतो. मग ते टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या बाजूला, अंगठ्याने दाबतात. तिथे ‘आई गं’ निघालं की निदान जवळपास पक्कं: प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे तळव्यातल्या पट्ट्याचा दाह.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा वाटा. पायाचा अंगठा हाताने वर ओढून बघा, तळव्यात दोरीसारखी कड उठते. चालताना टाच उचलली की पट्टा असाच ताणला जातो. वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, तासन्‌तास उभ्याचं काम किंवा एकदम वाढवलेलं पळणं, यांमुळे टाचेपाशी त्याचे तंतू झिजत जातात. नावात दाह असला तरी जुन्या दुखण्यात मुख्यतः झीजच आढळते.

एक्स-रेत मात्र टाचेच्या हाडाला फुटलेला काटा दिसतो आणि ‘हाड वाढलंय’ म्हणून माणूस धास्तावतो. असा काटा कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांनाही असतो. काट्याच्या भीतीने चालणं सोडून देणारी माणसं पाहिली की फार वाईट वाटतं.

खरा उपाय पट्ट्यावरच करायचा. पहिलं पाऊल टाकण्याआधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढा, दहा आकडे मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला पोटरीचे ताण द्या. घरातही फरशीवर अनवाणी न फिरता मऊ चप्पल घाला. पुढे पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. फरक पडायला आठवडे नव्हे, महिने लागतात, पण बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, मात्र त्याने क्वचित पट्टा फाटतो किंवा टाचेची चरबीची गादी विरते. म्हणून ते पहिल्याच भेटीत मागू नये.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तळव्याला मुंग्या येत असतील, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबरही आखडत असेल, तर घरगुती व्यायामावर न थांबता डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.