शेकडा कशाचा?

"800 चे 0.5 टक्के किती?" ठाण्यात नौपाड्याला संध्याकाळी सातवी-आठवीची काही मुलं माझ्याकडे गणिताला बसतात, त्यांना परवा हे विचारलं. पाचपैकी चार वह्यांत उत्तर आलं 400. 0.5 म्हणजे अर्धा, हे मुलांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की पुढचं टक्क्याचं चिन्ह डोळ्यांना दिसतं, पण मनापर्यंत पोचत नाही.

आपल्या जुन्या भाषेत ते असं निसटत नव्हतं. व्याजाच्या गणितात 'द.सा.द.शे. 8' लिहायचे, म्हणजे दरसाल दर शेकडा 8. शंभर रुपयांमागे वर्षाला आठ रुपये. तसंच 0.5 टक्के म्हणजे शेकडा अर्धा. शंभरामागे अर्धा, दोनशेमागे एक, आठशेमागे चार. नुसतं तोंडाने बोललं तरी उत्तर हाती येतं. मी मुलांना आधी 1 टक्का काढायला लावते. 800 चा 1 टक्का 8, म्हणजे 0.5 टक्क्यांचं उत्तर 8 च्या आतच यायला हवं, हे आकडेमोड करायच्या आधीच कळतं.

"पण मावशी, एवढे बारीक टक्के लागतात कुणाला?" एकाने विचारलं. मी स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी आणून मधे ठेवली. आयोडीनयुक्त मीठ दुकानातून आपल्या हाती येतं तेव्हा त्यात दर दहा लाख भागांत किमान 15 भाग आयोडीन असलं पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. 1 किलो म्हणजे 10 लाख मिलिग्रॅम. तेव्हा अख्ख्या पिशवीत निदान 15 मिलिग्रॅम. टक्क्यांत लिहायचं तर 0.0015. मुलं शून्यं मोजत बसली. "म्हणजे जवळपास नाहीच की!" एक मुलगी म्हणाली.

तिथे थांबणं गरजेचं होतं, कारण लहान टक्का म्हणजे नगण्य, ही समजूत इथेच रुजते. मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागतं सुमारे 0.15 मिलिग्रॅम. अशा 10 ग्रॅम मिठात तेवढं भरतं. (मीठ याहून कमीच खावं, दूध, मासे, अंडी यांतूनही आयोडीन मिळतं.) हे एवढंसं पोटात गेलं नाही तर गळ्याशी गलगंड होऊ शकतो, आणि गरोदरपणात फार कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. शून्यांनी डोळे शिणत असतील तर शेकडा सोडून द्यावा आणि दहा लाखांचा हिशेब धरावा. 0.0015 पेक्षा '10 लाखांत 15' मुलांना लगेच दिसतं.

शंभराच्या वरचे टक्के वेगळ्याच जागी फसवतात. ठाणे शहराची लोकसंख्या 1991 च्या जनगणनेत सुमारे 8 लाख 3 हजार होती, 2011 मध्ये 18 लाख 41 हजार. वाढ 129 टक्के. मुलांनी लगेच लिहिलं, '1.29 पट झाली'. पण 129 टक्के ही नुसती भर आहे; मूळचे 100 टक्के जागेवर आहेतच. म्हणून 2.29 पट. 100 टक्के वाढ म्हणजे दुप्पट, 200 टक्के वाढ म्हणजे तिप्पट. आणि 18 लाख 41 हजारांवरून पुन्हा 8 लाख 3 हजारांवर यायचं तर घट किती? 129 नव्हे, साधारण 56 टक्के. माणसं तेवढीच, पण आता शेकडा मोठ्या आकड्याचा धरला आहे. लोकसंख्या 100 टक्क्यांहून जास्त घटू शकत नाही हेही मुलांना इथे आपसूक समजलं: 100 टक्के घटली की गावात कुणी उरलंच नाही!

शेवटी मी हवेचं उदाहरण घेतलं. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी हवेत दर 10 लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 रेणू होते. आज ते 420 च्या वर आहेत. म्हणजे 0.028 टक्क्यांवरून 0.042 टक्के. पृथ्वीच्या तापमानवाढीचं मुख्य कारण हीच वाढ आहे. मघाशी "जवळपास नाहीच की" म्हणणारी मुलगी बराच वेळ वहीत काहीतरी मांडत होती. मग तिने मान वर केली.

"मावशी, हा वायू 0.014 ने वाढला की 50 टक्क्यांनी?"

मी उत्तर द्यायच्या आत शेजारचा मुलगा म्हणाला, "आधी सांग, शेकडा कशाचा? सगळ्या हवेचा, की आधीच्या 280 चा?"