छोटी ध्येययादी (मराठवाडा)

छोटी ध्येययादी : येत्या एक-दोन वर्षांत स्वतःला खरोखर करायच्या असलेल्या तीन ते पाच गोष्टी कागदावर लिहून त्या तडीस नेण्याची रीत. नवसाशी तिचे लांबचे नाते लावता येईल. पण नवसात अट देवाला असते, यादीत ती स्वतःला.

मराठवाड्यात ‘याद्या’ म्हटले की आधी सोयरिकीची बैठक आठवते, नाहीतर किराणा. आयुष्याची यादी ही कल्पना तशी नवीच. तिला लागणारे कालमान मात्र इथे जुने आहे. गावातले साल गुढीपाडव्याला बदलते, सालगड्याचा करार तेव्हाच ठरतो आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली बीडकडची कुटुंबे पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यामुळे यादी लिहायला १ जानेवारीपेक्षा पाडवा सोयीचा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडले की ‘जमेल तसे करू’ यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड ध्येय ठेवले तर काम अधिक चांगले होते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ मधील मांडणीनुसार मन एका वेळी साधारण चारच गोष्टी धरून ठेवते. यादी आखूड ठेवण्याचे घरगुती कारण याहून साधे : पैसा एकदाच येतो, आणि तो चार वाटांनी जातो.

अशी एखादी यादी समजा वहीच्या मागच्या पानावर आहे. वर ‘श्री’. मग स्लॅबचे घर, थोरलीचे लग्न, बोअर. अगदी तळाशी, पेन्सिलने, लिहिणाऱ्या बाईची स्वतःची ओळ : ‘पिको-फॉलची मशीन’. वरच्या तिन्ही ओळी घराच्या. वैयक्तिक ध्येय हेच एक, आणि तेच खोडरबराने पुसता येईल असे लिहिलेले.

ती ओळ टिकते की पुसली जाते, हे बहुधा एका शब्दावर ठरते. ‘सोयाबीन निघाल्यावर बघू’ यातल्या ‘बघू’ने वर्ष सहज निघून जाते. ‘आडत्याकडून पट्टी हातात आली की त्याच आठवड्यात लातूरला जाऊन मशीन आणायची’ असे लिहिले की काम प्रसंगाला बांधले जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये ‘असे झाले की तसे करायचे’ या पद्धतीच्या बेतांचे महत्त्व दाखवून दिले, ते हेच.

पावसापुढे मात्र बेत चालत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी ‘बोअरला पाणी लागणे’ हे ध्येय नव्हे, नशीब. म्हणून ओळ फळाची नसावी, हातातल्या कामाची असावी : बांधबंदिस्ती, शेततळ्याचा अर्ज, आठवड्यातले दोन दिवस शिवणक्लास.

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात, किंवा दुधाच्या खाड्यांची नोंद असलेल्या कॅलेंडरमागे अडकवतात. दोन पाडवे जशीच्या तशी राहिलेली ओळ पुष्कळदा दुसऱ्याचीच निघते : सासऱ्यांची, भावकीची, नाहीतर शेजारी गाडी आली म्हणून लिहिलेली.