लाइव्ह सामन्यात डिरेक्टर काय करतो, प्रोड्युसर काय करतो?

रिव्ह्यू घेतला की तिसरे पंच डिरेक्टरशी बोलताना आपल्याला घरबसल्या ऐकू येतं: आधी नोबॉल तपासा, मग अल्ट्राएज, मग बॉल ट्रॅकिंग. म्हणूनच की काय, क्रीडा प्रसारणात जायचं म्हणणाऱ्या बहुतेक मुलामुलींना डिरेक्टरच व्हायचं असतं. प्रोड्युसरचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही, आणि सिनेमामुळे घरच्यांना वाटतं की तो पैसे घालणारा असणार. लाइव्ह सामन्यात तसं नसतं. तिथला प्रोड्युसर पगारावर किंवा मालिकेपुरत्या कंत्राटावर काम करतो, आणि आपल्याला सामना कसा उलगडून दाखवायचा हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

डिरेक्टरचा काळ म्हणजे आत्ताचा क्षण. ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत, समोर सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं असतात. तो कॅमेऱ्याचा नंबर पुकारतो आणि ते चित्र प्रक्षेपणात जातं. प्रोड्युसर पुढच्या दोन मिनिटांत असतो: कोणता रिप्ले, कोणता ग्राफिक, समालोचकाच्या कानात काय सांगायचं, ब्रेकला कधी जायचं.

कबड्डीत हे फार स्पष्ट दिसतं. चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. चढाईपटू बोनस रेषेकडे सरकत असताना डिरेक्टरने चेहऱ्याच्या मोहात क्लोजअप घेतला, तर पाय रेषेपलीकडे टेकला का आणि कोपऱ्यातून घोटा कोणी धरला, हे दोन्ही हुकतं. त्याच वेळी प्रोड्युसरला माहीत हवं की आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, म्हणजे ही ‘डू ऑर डाय’ (गुण मिळवा, नाहीतर बाद), आणि तो ग्राफिक चढाई सुरू होण्याआधी यायला हवा. पुढची चढाई काही सेकंदांतच असते, त्यामुळे पकडीचा रिप्ले लगेच दाखवायचा की टाइमआउटपर्यंत राखून ठेवायचा, हेही त्यानेच सांगायचं. क्रिकेटमध्ये गोलंदाज रनअपवर परत जाईपर्यंत उसंत मिळते. शिकायला कबड्डी जास्त कडक शाळा आहे, असं माझं ठाम मत आहे.

वाटाही वेगळ्या आहेत. डिरेक्टर बहुधा कॅमेरा, व्हिजन मिक्सिंग (कॅमेऱ्यांची चित्रं बटणांनी बदलणं) किंवा रिप्लेच्या खुर्चीतून वर येतात. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टीव्ही दिग्दर्शन शिकवतात, पण खेळाचा वेग तिथे मिळत नाही, तो मैदानावरच अंगात मुरतो. प्रोड्युसर संशोधन, आकडेवारी, लॉगिंग (कोणत्या क्षणी काय घडलं याची नोंद), ग्राफिक्स यांतून घडतात. खेळाचे नियम पक्के असलेल्या, नीट लिहिता येणाऱ्या मुलांनी ही वाट कमी लेखू नये. मराठी समालोचनामुळे खेळ आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणाऱ्यांची गरजही वाढली आहे. दोन्हीकडे सुरुवातीचं काम बरंचसं सामन्यागणिक मिळतं, हे घरी आधीच सांगून ठेवावं.

सरावासाठी मुंबईत जायलाच हवं असं नाही. रायगड-ठाण्यातल्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह जातात: दोन-तीन कॅमेरे, एक लॅपटॉप, त्यावर चित्र बदलायचं सॉफ्टवेअर, व्हीमिक्स किंवा फुकट मिळणारं ओबीएस. तिथे एकच माणूस चित्र बदलतो आणि धावफलकही सांभाळतो. अशा संयोजकांना जाऊन भेटा आणि एक दिवस फक्त चित्र बदलण्याचं काम मागा, दुसऱ्या दिवशी फक्त धावफलक आणि रिप्ले. कोणत्या दिवशी वेळ कसा गेला ते कळलं नाही, हे स्वतःला विचारा.

मोठ्या प्रसारणात पहिलं पाऊल टाकायची संधी आली आणि निवड तुमच्या हातात असली, तर रिप्लेची खुर्ची मागा. कानातल्या हेडसेटवर डिरेक्टर आणि प्रोड्युसर दोघांचेही निर्णय, घेतले जात असतानाच, तिथे ऐकायला मिळतात.