शालेय गळती (सातारा व सांगली जिल्हे)

शाळेच्या पटावर नाव असलेल्या मुलाने दहावी होण्याआधी शाळा सोडणे म्हणजे गळती. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. निकालाच्या बातम्यांत गळतीचा पत्ता लागत नाही, कारण टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. समजा, आठवीच्या पटावर ६० मुले होती, दहावीला ४२ बसली आणि सगळी पास झाली, तर गावच्या चौकात १०० टक्के निकालाचा फलक लागतो. उरलेल्या १८ जणांची गाठ पडते ती जुन्या हजेरीपटातच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र ६ ते १४ वयापुरते, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. खरी गळती नववीत. कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘दाखला काढा, १७ नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे दहावीला बाहेरून बसवा, असे सुचवले जाते. बाहेरून बसलेल्याचा निकाल शाळेच्या नावावर पडत नाही, यातच सगळे आले.

साताऱ्यातले माण, खटाव आणि सांगलीतले आटपाडी, जत हा तालुक्यांचा पट्टा दुष्काळी. इथली मेंढपाळ कुटुंबे चाऱ्यामागे फिरतात, जतकडची माणसे ऊसतोडीला जातात. खानापूर-आटपाडी भागात गरिबीइतकाच गलाईचाही ओढा आहे. सोने-चांदी गाळण्याचा हा धंदा इथल्या लोकांनी देशभर नेला. मामा किंवा चुलता परराज्यात दुकान टाकून बसलेला असला, की दहावीत गटांगळ्या खाणारा पोरगा थेट भट्टीवर जातो. घरच्यांच्या लेखी तो वाया गेलेला नसतो, मार्गी लागलेला असतो. मुलींचे गणित वेगळे. हायस्कूल परगावी, एसटीची वेळ अवघड आणि घरात लग्नाची बोलणी. एसटीचा पास त्यांना मोफत मिळतो, पण गाडी वेळेवर आली तर.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. गरिबाच्या मुलासाठी वसतिगृह आणि ‘कमवा व शिका’ ही त्यांची रीत होती. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मूल गावातच राहावे म्हणून आज हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मात्र तीही मुख्यतः आठवीपर्यंतच्या मुलांसाठी.

नापासांसाठी पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासालाही खुले आहेत. नववीतच दाखला काढलेल्याच्या मात्र यातले काहीच कामी येत नाही. त्याला १७ नंबरचाच फॉर्म.