एसपीएफ पास, तरी मेल खोटा

मागे एका मित्राचा फोन आला, त्याची छोटी कंपनी आहे, आणि गडी पार हादरलेला. म्हणे आमचा मेल हॅक झालाय, माझ्याच आयडीवरून एका कस्टमरला मेल गेलाय की आमचं बँक अकाउंट बदललंय, बिलाचे पैसे आता या नवीन खात्यात टाका. कस्टमर हुशार निघाला, त्याने आधी फोन करून विचारलं म्हणून पैसे वाचले. मित्राने तोवर ऑफिसातल्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून टाकले होते, ज्याचा इथे काडीचाही उपयोग नव्हता.

मी म्हटलं तो मेल फॉरवर्ड नको करू, फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, गायब होते, कस्टमरला सांग 'शो ओरिजिनल' उघड आणि सगळं जसंच्या तसं कॉपी करून पाठव. आलं ते. वर रिटर्न-पाथमध्ये, म्हणजे न पोचलेला मेल जिथे परत जातो त्या पत्त्यात, कुठलंतरी भलतंच डोमेन, कधी ऐकलेलंही नाही. खाली फ्रॉममध्ये मात्र मित्राचा पत्ता, अक्षरन् अक्षर बरोबर. आणि मधे ऑथेंटिकेशन-रिझल्ट्सची ओळ, पाठवणारा खरा आहे का हे बघणाऱ्या तीन तपासण्यांचा निकाल: एसपीएफ पास, डीकिम नन (म्हणजे सहीच नाही), डीमार्क फेल. मित्र लगेच म्हणाला, बघ, पास लिहिलंय, म्हणजे आमच्याच सर्व्हरवरून गेला ना!

नाही ना. गंमत तिथेच आहे.

मेल पाठवायची जी पद्धत आपण अजून वापरतो ती, एसएमटीपी, १९८२ ची आहे. तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्थांची मशिन्स, कोण कशाला खोटं नाव सांगेल असा एकूण मामला. एक सर्व्हर दुसऱ्याला आधी सांगतो 'मेल फ्रॉम' अमुक, मग 'आरसीपीटी टू' तमुक, मग 'डेटा' म्हणून अख्खं पत्र ओततो, आणि त्या पत्राच्या आत पुन्हा वेगळी फ्रॉमची ओळ असते. म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याचं एक नाव आणि आत पत्राखाली दुसरं. मेल पोचला नाही तर तो पाकिटावरच्या पत्त्याला परत जातो (हाच तो रिटर्न-पाथ), माणसाला स्क्रीनवर दिसतं ते आतलं नाव. ही दोन नावं जुळलीच पाहिजेत असा नियम मूळ पद्धतीत नाही, आणि त्याला कारणही आहे, तुमची बिलं किंवा ऑफरचे मेल दुसरी कंपनी पाठवत असेल तर परत आलेले मेल तिच्याकडे जायला हवेत.

आता एसपीएफ काय करतं, तर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, तुम्ही एक यादी लावता की माझ्या डोमेनच्या नावाने या या आयपीवरून (मशिनच्या नेटवर्क-पत्त्यावरून) मेल येईल. घेणारा सर्व्हर ती यादी बघतो, पण बघतो पाकिटावरच्या डोमेनची! चोराने पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकलं, त्याचं एसपीएफ रीतसर लावलं, पास मिळाला. आतल्या फ्रॉमकडे एसपीएफ ढुंकूनही बघत नाही.

एसपीएफमध्ये लोक आणखी दोन घोळ हमखास घालतात. नवीन सॉफ्टवेअरवाला सांगतो हे रेकॉर्ड टाका, आणि कुणीतरी आधीच्या शेजारी दुसरं एसपीएफ रेकॉर्ड टाकून मोकळा होतो. एका डोमेनला एकच चालतं, दोन झाली की दोन्ही बाद. आणि त्या रेकॉर्डमधून आणखी डीएनएस चौकश्या कराव्या लागतात त्या १० च्या वर गेल्या की तपासणीच एरर देते, त्यामुळे इन्क्लूडवर इन्क्लूड (म्हणजे दुसऱ्याची यादी आपल्यात जोडणं) चढवत गेलं की एक दिवस खरे मेलही फेल व्हायला लागतात आणि कुणाला कळत नाही का.

डीकिम म्हणजे सही. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि काही हेडर्स घेऊन खाजगी किल्लीने सही करतो, जोडीची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये असते, वाटेत मजकूर बदलला की सही जुळत नाही. किल्ली मात्र दणकट हवी. २०१२ साली एका गणितज्ञाच्या लक्षात आलं की गूगलची डीकिम किल्ली फक्त ५१२ बिटची आहे, त्याने भाड्याच्या क्लाउड मशिन्सवर सुमारे ३ दिवसांत ती फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाला दुसऱ्या संस्थापकाच्या नावाने मेल पाठवला. थोड्याच दिवसांत किल्ली बदलली गेली. आज १०२४ च्या खाली चालत नाही, २०४८ ठेवावी. पण डीकिममध्येही तीच पळवाट, चोर स्वतःच्या डोमेनची सही करू शकतो किंवा करतच नाही, आणि सही नाही एवढ्यावरून सहसा कुणी मेल अडवत नाही.

ही फट बुजवतं डीमार्क. त्याचा प्रश्न एकच, जे डोमेन पास झालं ते माणसाला दिसणाऱ्या फ्रॉमच्या डोमेनशी जुळतं का? एसपीएफ किंवा डीकिम, दोघांपैकी एक जरी पास होऊन जुळलं तरी चालतं. मित्राच्या केसमध्ये जुळलं नाही म्हणून डीमार्क फेल. मग मेल इनबॉक्समध्ये कसा आला? कारण त्याच्या डीमार्कची पॉलिसी, म्हणजे फेल झालेल्या मेलचं काय करायचं ही सूचना, होती 'नन'. नन म्हणजे बघा, मोजा, पण काही करू नका. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लावून गेलं आणि सगळे समजत होते की आपलं डीमार्क लागलंय. २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशोबात दिवसाला ५००० च्या आसपास किंवा वर) डीमार्क सक्तीचं केलं खरं, पण तिथेही नन चालतं, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे, लोक ननवर टिक मारतात आणि विसरतात.

थेट 'रिजेक्ट'वरही, म्हणजे फेल झालेला मेल घेऊच नका या पॉलिसीवर, उडी मारू नये हे तितकंच खरं. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने रिजेक्ट लावलं आणि मेलिंग लिस्टवरचे (एकाचा मेल सगळ्या सभासदांना पुढे पाठवणाऱ्या यादीवरचे) याहूवाल्यांचे मेल धडाधड परत यायला लागले, कारण लिस्टचा सर्व्हर वेगळा म्हणून एसपीएफ जुळत नाही आणि लिस्ट मेलखाली स्वतःच्या ओळी (फूटर) चिकटवते म्हणून डीकिमची सही मोडते.

म्हणून आधी रिपोर्ट वाचायचे. डीमार्कमध्ये एक पत्ता देता येतो, तिथे मोठे मेलवाले साधारण रोज एक्सएमएलची झिप पाठवतात: कुठल्या आयपीवरून तुमच्या नावाने किती मेल आले, काय पास, काय फेल, मजकूर अजिबात नाही. मित्राचे रिपोर्ट आम्ही चाळले तर चोराच्या आयपीपेक्षा जास्त फेल होत होतं त्यांचंच पगाराच्या स्लिपा पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर, जे कुठे चालतं हेही ऑफिसात कुणाला धड आठवत नव्हतं. त्याला डीकिम लावलं, मग 'क्वारंटाइन', म्हणजे फेल झालेले स्पॅममध्ये, आणि दीड महिन्याने रिजेक्ट. पडून असलेली जी दोन डोमेन होती, ज्यावरून मेल जातच नाही, त्यांना एसपीएफ 'कुणालाच परवानगी नाही' असं आणि रिजेक्ट पहिल्याच दिवशी, तिथे तुटण्यासारखं होतंच काय.

परवा पुन्हा फोन. पुन्हा तोच मजकूर, तेच खातं बदलल्याचं. हेडर मागवलं तर एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्कही पास. डोमेनच्या नावात एक 'एल' जास्त होता, बाकी सगळं खरं.