कौटुंबिक हिंसाचार आणि घरातली जनावरं : पार्श्वभूमी

वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिलेल्या एका अंतरिम आदेशामुळे हा विषय आपल्याकडे बातम्यांत आला. पन्नाशी ओलांडलेल्या एका महिलेने कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नवऱ्याकडून महिना ७० हजार रुपये मागितले होते. तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्चही तिने त्यात धरला होता. कुत्र्यांच्या खर्चाचा भार आपल्यावर नको, असं नवऱ्याच्या बाजूचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. पाळीव प्राणी हा चांगल्या राहणीमानाचा भाग आहे आणि तुटलेल्या नात्यांमुळे आलेली पोकळी ते भरून काढतात, असं नोंदवून ५० हजार रुपये मंजूर केले.

‘कुत्र्यांना पोटगी’ अशा थाटात मग चर्चा रंगली, टिंगलही झाली. ते चुकीचं होतं. पैसे बाईला मिळाले होते. कुत्र्यांकडे बोट दाखवून तिची रक्कम कापता येणार नाही, एवढंच आदेशात होतं. स्वागत करणाऱ्यांच्याही एक गोष्ट नजरेतून सुटली. कुत्री इथे आली ती घरखर्चाच्या हिशेबात. बायकोला धाकात ठेवण्यासाठी नवरा तिच्या जिवाभावाच्या जनावराला मारतो, तेव्हा तो तिच्यावरचाही अत्याचार धरायचा का, हा त्या आदेशाचा विषयच नव्हता. आणि खरा प्रश्न तोच आहे.

या प्रश्नाची गाठ कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. बाईला जिच्याविषयी आस्था आहे अशा कोणत्याही व्यक्तीला इजा करण्याच्या वारंवार धमक्या देणं, हा त्या कलमानुसार भावनिक छळ आहे. मुलं, आईवडील, भाऊ, मैत्रीण सगळे त्यात बसतात. कुत्रा बसत नाही, कारण तो कायद्याच्या लेखी व्यक्ती नाही. गाय-शेळी मात्र दुसऱ्या दाराने आत येते. आर्थिक छळाच्या व्याख्येत स्त्रीधन आणि इतर मालमत्तेची परस्पर विल्हेवाट लावणं येतं. म्हणजे माहेरहून आंदण आलेली गाय नवऱ्याने तिला न विचारता बाजारात विकली, तर कलमात थेट शब्द सापडतात. तीच गाय तिच्यादेखत दावणीला काठीने झोडपली, तर सापडत नाहीत. मानसिक आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा आणणारं वर्तन, असे व्यापक शब्द त्याच कलमात आहेत आणि त्यांच्या आधारे युक्तिवाद करता येतो. पण तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहिलेल्या बाईचा वकील तेवढी तयारी करून आला असेल, हे गृहीत धरता येत नाही.

या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी बाईच्या तक्रारीवरून जो घटना अहवाल भरतात, त्यातही तीच उणीव आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक असे रकाने. त्यांत मारहाण, शिवीगाळ, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, स्त्रीधन गहाण टाकणं असे तपशील. जनावराविषयी एक प्रश्न नाही. बाईने आपणहून सांगितलं तर ते ‘इतर’मध्ये जाईल. पण विचारल्याशिवाय ती सांगणार कशी? शेळीला लाथ घातली हे पोलिसांपुढे बोलायची गोष्ट आहे, असं तिला वाटतच नाही.

परदेशात हा धागा आधी सापडला तो निवारागृहांत. जनावराला छळणारा पुढे माणसांवर हात टाकतो, ही समजूत तिथे अठराव्या शतकापासूनची. तिच्यावर चर्चा फार झाली, पुरावा मात्र संमिश्र निघाला. त्याहून भक्कम माहिती मिळाली ती साधा प्रश्न विचारल्यावर. अमेरिकेतल्या युटा राज्यात निवाऱ्याला आलेल्या ३८ बायकांची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरी पाळीव प्राणी असलेल्यांपैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं, की जोडीदाराने त्या प्राण्याला इजा केली, मारून टाकलं किंवा तशी धमकी दिली. प्राण्याच्या काळजीने घर सोडायला उशीर केल्याचंही काहींनी सांगितलं. नमुना लहान होता, पण प्रश्नाचा रोख त्याने बदलला. २००६ मध्ये मेन राज्याने छळणाऱ्याला दूर ठेवणाऱ्या न्यायालयाच्या संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचा समावेश केला. पुढे इतर अनेक राज्यांनी तेच केलं, आणि २०१८ मध्ये प्राण्यांसह आसरा देणाऱ्या निवाऱ्यांसाठी संघीय मदतीची तरतूद झाली.

आपल्याकडे दोन्ही फायली वेगळ्याच राहिल्या. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्धची संस्था १८७४ पासूनची, परळचं जनावरांचं इस्पितळ १८८३ चं. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने क्रौर्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड ठेवला आणि तो दशकानुदशकं तसाच राहिला. विवाहितेच्या छळाचं ४९८अ कलम आलं १९८३ मध्ये. एक काम पशुसंवर्धनवाल्यांचं, दुसरं महिला-बालविकासवाल्यांचं. एकाच घरात एकाच हाताने घडणारी हिंसा दोन कचेऱ्यांत वाटली गेली.

जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत थोडी हालचाल दिसते. गाय, बैल, घोडा असे काही प्राणी सोडले, तर जुन्या संहितेत जनावराच्या किमतीवर शिक्षा ठरायची. १० रुपये, ५० रुपये अशा पायऱ्या होत्या. कलम ३२५ ने त्या काढून कोणत्याही प्राण्याला ठार करणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली. गुन्ह्याचा पाया मात्र आगळिकीचा, म्हणजे मालमत्तेच्या नुकसानीचाच आहे.

गावातल्या बाईच्या बाबतीत हे सगळं आणखी अवघड होतं. चार शेळ्या ही तिची हक्काची मिळकत, बहुधा बचत गटाच्या कर्जातून घेतलेली. महिला निवाऱ्यात ठरावीक वयापर्यंतची मुलं सोबत नेता येतात, शेळ्या नेता येत नाहीत. मागे ठेवल्या तर नवरा विकेल किंवा उपाशी ठेवेल, आणि हप्ता मात्र तिच्याच नावावर राहील. त्यामुळे घर सोडायचं ठरवताना ती आधी शेळ्या ठेवून घेणारं कुणी शोधते. अनेकदा ते माणूस मिळेपर्यंत घरातच राहते.