घाटात मऊ पडलेला ब्रेक

गेल्या मे महिन्यात कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना ब्रेकचं पेडल एकाएकी मऊ पडलं. पाय थेट तळाला. झपाझप दोन-तीनदा दाबल्यावर कसाबसा ब्रेक लागला आणि गाडी कडेला घेतली. अर्ध्या तासाने पाहतो तर पेडल पहिल्यासारखं कडक!

“काय व्हयनं भाऊ?” म्हणत चाळीसगावच्या फिटरने चारही चाकं पाहिली. गळती नाही, पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) शाबूत. मग त्याने विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? मला आठवेना.

आपण ऑइल म्हणतो, पण बहुतेक गाड्यांत ते तेल नसतंच. ग्लायकॉल ईथर जातीचा द्रव असतो. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. खोड एकच, तो हवेतला ओलावा ओढतो. झाकण घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं पाणी झिरपत राहतं. डॉट 3, डॉट 4 हे या ऑइलचे दर्जे. नवं डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155.

मी घाटभर वरच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरलो होतो. चाकाबरोबर फिरणारी डिस्क तापली, ती उष्णता कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलला लागली, त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली. वाफ मात्र दबते, म्हणून पाय तळाला गेला. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि गॅरेजपर्यंत दुखणंच दिसेनासं झालं. मला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते.

पेडल नेहमीच मऊ असेल आणि पंप केल्यावर वर येत असेल, तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल, तर गळती शोधा किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या पंपाचे) सील तपासा. अशी गाडी चालवू नका. टाकीतल्या ऑइलची पातळी उतरली की नुसतं ओतून मोकळं होऊ नये, पॅड झिजल्यानेही ती उतरते. आणि इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगतात.

फिटरने सीलबंद डबा फोडला. मी पेडल दाबून धरायचो, तो चाकाजवळचं निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करायचा, पुन्हा आवळायचा, मगच मी पाय उचलायचो. पारदर्शक नळीतून आधी चहासारखं काळपट ऑइल आलं, मधूनमधून बुडबुडे, मग फिकट पिवळं. आता दर दोन वर्षांनी बदलायची तारीख बॉनेटच्या आत चिकटवली आहे.